बाटलीवरची नेलिदा

१

अबुन्दियो मास्तर मेले तेव्हा त्यांच्यासमोर टेबलावर नेलिदा हसत होती.

म्हणजे तिचा फोटो. तो एका बाटलीवर होता. बाटलीत कॅप्सूल होत्या आणि कॅप्सूलमध्ये माका होता, असं निदान बाटलीचं म्हणणं होतं: ‘शंभर टक्के शुद्ध माका. उकुमार्का गावच्या नेलिदा अताचागुआने स्वतःच्या शेतात पिकवलेला. शेतकऱ्याला रास्त भाव.’ खाली हिरव्या पानाचा शिक्का.

मास्तरांना तपासायला आलेल्या युफ्रासियाने बाटली उलटी करून पाहिली. बुडाला लिमाच्या दुकानाची चिठ्ठी होती, एकोणनव्वद सोल. तिच्या कपाळाची शीर उडाली. उकुमार्कात माका मातीतून निघतो, पोरं त्याच्या कंदांनी गोट्या खेळतात, सकाळची पेज त्याचीच. इथे माका बाटलीतून विकत घेणं म्हणजे तळ्याकाठी बसून पाणी विकत घेणं. मास्तर मागच्या आठवड्यात लिमाला मुलाकडे गेले होते, तिथून त्यांनी ही आणली होती. खायला नव्हे. मास्तर एकोणनव्वद सोलात महिना काढणारे.

ही बुधवारची गोष्ट. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी सार्जंटने युफ्रासियाला चौकीत बोलावलं. तीस वर्षं गावच्या आरोग्यकेंद्रात नर्स होती ती. सार्जंटला तपासणीच्या कागदातलं औषधाचं नाव वाचता येत नव्हतं.

तिने वाचलं आणि कागद खाली ठेवला.

“निळ्या गोळीतलं औषध आहे हे. पुरुष जोमासाठी घेतात ती. मास्तर छातीत दुखलं की जिभेखाली गोळी ठेवायचे. ही दोन औषधं अंगात भेटली की रक्तदाब विहिरीत दगड पडावा तसा जातो.”

“म्हणजे कॅप्सूलनेच गेले.” सार्जंटने कागदाची घडी केली. “हे कुणाला सांगू नका, डोन्या युफ्रासिया. गाव म्हणतंय, नेलिदाने शेतात फवारलेलं विष होतं. म्हणू दे. बाटलीवर नाव तिचं, फोटो तिचा, माक्याच्या सहकारी संस्थेच्या कागदावर सही तिची. सोमवारी सकाळच्या गाडीने तिला जिल्ह्याला नेतो.”

“तिला निळी गोळी म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का? नवरा जाऊन चार वर्षं झालीत तिचा.”

“ते न्यायाधीश विचारतील.”

“न्यायाधीश विचारीपर्यंत तिचं पोर कुणाच्या दारात वाढेल, सार्जंट?”

सार्जंटने उत्तराऐवजी एक वही पुढे सरकवली. मास्तरांच्या टेबलावर सापडली होती. शाळेचं काहीतरी असेल, म्हणाला. मास्तरांच्या टेबलावर आणखी एकच वस्तू होती, गावच्या औषधदुकानाची कागदी पिशवी. तिच्यात जिभेखालच्या गोळ्यांची कोरी पट्टी होती आणि पट्टीतली एक गोळी काढलेली होती.

युफ्रासियाने वही उघडली. मास्तरांचं गोल, ताठ अक्षर. चार प्रश्न:

हा माका कुणाच्या शेतातला?
कधी वाळला?
दळताना आणखी काय पडलं?
खाणाऱ्याला काय सांगितलं?

पहिल्या प्रश्नाखाली दोनच शब्द होते: माझा फोटो. बाकी तीन प्रश्नांखाली जागा मोकळी होती.

२

नेलिदाच्या दारावर कुणीतरी शेण फेकलं होतं. युफ्रासियाने आधी ते खरवडलं, मग कडी वाजवली. घरात चुलीवर बटाटे उकळत होते. नेलिदा मुलाच्या कपड्यांचं गाठोडं बांधत होती.

“रविवारी माद्रिनाकडे नेऊन देते याला,” ती म्हणाली. “त्या सांभाळते म्हणाल्यात. मेंढ्यांसकट.”

माद्रिना म्हणजे लेओनोर अर्सापालो, नेलिदाच्या लग्नातली धर्ममाता. गावातलं औषधाचं दुकान तिचं, माक्याच्या सहकारी संस्थेची अध्यक्षही तीच. मास्तरांची शवपेटी तिनेच दिली होती, वर तीन दिवस सगळ्या गावाला सूप पाजलं होतं.

युफ्रासियाने सार्जंटकडून मागून आणलेली बाटली टेबलावर ठेवली. “हे केव्हाचं?”

नेलिदाने बाटलीवरच्या स्वतःकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“मी सांगते. तुझ्या खांद्यावर काळी शाल आहे. तुझा रेमिहियो गेला त्या वर्षीची. पुढल्या वर्षी तुझं सुतकाचं काळं उतरवलं तेव्हा सगळं गाव नाचलं, माझाही गुडघा त्यातच गेला. म्हणजे फोटो चार वर्षांपूर्वीचा. तो मास्तरांनी काढला होता. त्यानंतर तुझं शेत पडीक आहे.”

“आहे. अजून तीन वर्षं राहील.”

माका एकदा काढला की जमीन सहा-सात वर्षं निजते. तिला मध्येच उठवणाऱ्याला उकुमार्कात कुणी मुलगी देत नाही.

“मग न पिकवलेल्या माक्यावर सही का केलीस, बये?”

“मागितली म्हणून.”

“कुणी?”

नेलिदाने बटाटे उतरवले, पाणी ओतलं, एक बटाटा सोलून युफ्रासियापुढे ठेवला. मग म्हणाली, “ज्यांना नाही म्हणता येत नाही त्यांनी. मावशी, बटाटा खा.”

या गावात अशी माणसं प्रत्येकाला पुरून उरतात. बाप्तिस्म्याचा धर्मपिता, लग्नाची धर्ममाता, पोराचे पहिले केस कापणारा, घराच्या छपराचासुद्धा धर्मपिता. नेलिदापुरते तीन. लग्नाची लेओनोर. पोराच्या बाप्तिस्म्याचा तिबुर्सियो, गिरणीवाला. आणि पोराचे पहिले केस कापणारा लिमाचा इंजिनिअर विल्याकोर्ता, संस्थेचा सगळा माल घेणारा. त्याने कात्री धरली, पन्नास सोल ठेवले आणि त्या दिवसापासून तोही घरचा झाला. तिघांचाही माक्याला हात लागत होता.

“तुरुंगात जाशील,” युफ्रासिया म्हणाली.

“जाईन. पण धर्माच्या नात्याला खाली पाहायला लावणार नाही.”

“त्या नात्याने तुला काय केलंय ते बघ. तुझा चेहरा चिकटवलाय, विषाच्या बाटलीवर कवटी काढतात तसा.”

नेलिदा रडली नाही. रडली असती तर युफ्रासियाला एवढा राग आला नसता.

३

घरी जाऊन युफ्रासियाने मास्तरांच्या बाटलीतून सार्जंटच्या परवानगीने घेतलेल्या मूठभर कॅप्सूल फोडल्या आणि पावडर घोटभर दुधात शिजवली. माका शिजला की घरभर वास सुटतो, जळक्या साखरेचा आणि ओल्या मुळ्याचा. नवख्या माणसाला मळमळतं, गावच्या माणसाला भूक लागते. इथे वासाचा पत्ता नव्हता. पातेल्यात मक्याच्या पिठाची खळ झाली होती, पोस्टर चिकटवण्याजोगी.

शनिवारी सकाळी ती गिरणीवर गेली. तिबुर्सियो पापणीपर्यंत पिठाने माखलेला.

“तू मका दळतोस की माका?”

“पोत्यात असेल ते दळतो. संस्था पोती पाठवते, त्यावर लिहिलेलं असतं ‘माका’. मी काय पोत्याशी वाद घालू?”

“नाकाने तरी घालायचा होतास.”

तिबुर्सियोने गिरणी बंद केली. “बरं, होता मका. निम्म्याहून जास्त. दोन वर्षं दहिवराने पीक मारलं, मागणी तेवढीच. मी म्हटलं, मक्याने कुणी मरत नाही.”

“आणि दुसरं काय पडायचं?”

“डबा यायचा, पांढऱ्या भुकटीचा. पोत्याला एक चमचा. ‘शक्तिवर्धक क्षार’ लिहिलेलं. इंजिनिअरच्या मागणीच्या कागदांबरोबर संस्थेच्या ट्रकमधून यायचा.”

“पाठवायचं कोण?”

“ट्रक.” त्याने हात झटकले. “बघ युफ्रासिया, गेले त्या बुधवारी मास्तर इथे आले होते. बाटली आपटली या फळीवर. म्हणाले, तू लोकांना काय खाऊ घालतोस? मी म्हटलं, विष वाटतं ना तुम्हाला? मग बसा समोर. चार मी खातो, चार तुम्ही खा.”

मास्तर का बसले हे युफ्रासियाला विचारायची गरज नव्हती. इथे ज्याच्या अन्नावर संशय घेतला त्याच्यासमोर बसून तेच अन्न खाल्लं नाही, तर ती थोबाडीत मारल्यासारखी गोष्ट. मास्तर सगळ्या गावाला शिकवून मोठे झाले होते. हा रिवाज मोडणं त्यांच्या हातून झालं नसतं.

“खाल्ल्या त्यांनी?”

“खाल्ल्या. मीही खाल्ल्या. मला काय झालं? डोकं दुखलं, चेहरा लाल झाला आणि...” तो थांबला. “बायको तेव्हापासून मला बघून हसतेय. ते जाऊ दे.”

युफ्रासियाला हसू आलं नाही. पण एक गोष्ट तिने मनात नीट घडी घालून ठेवली: आत काय आहे ते ठाऊक असलेला माणूस साठाव्या वर्षी पैजेवर चार कॅप्सूल खात नाही.

तरी तिने विचारलं. “मी हल्ली छातीसाठी जिभेखाली गोळी ठेवते. मी घेऊ का या कॅप्सूल?”

“घे की. माझ्यासारखा बैल जगला, तर तू काय मरतेस.”

४

इंजिनिअर दर शनिवारी खानावळीत तळ्यातला मासा खायला येई. गोरा, गुळगुळीत, बूट असे की त्यांनी माती फक्त गाडीच्या काचेतून पाहिली असावी.

“नेलिदाबद्दल फार वाईट वाटलं, डोन्या. आम्ही तर प्रत्येक शेतकऱ्याची पडताळणी करतो. हिरवं पान फुकट नाही मिळत.”

“हिच्या शेतावर गेला होतात?”

“अर्थात. याच हंगामात. फोटो तेव्हाचाच. जूनमध्ये पीक काढलं, जुलैत बाटल्या भरल्या. ताजा माल, हीच आमची ओळख.”

युफ्रासियाने त्याच्या ताटातला लिंबू उचलून त्याच्या माशावर पिळला, जरा जोरात.

“इंजिनिअर, माका काढला की दोन-अडीच महिने उघड्यावर पडतो. रात्री गोठतो, दिवसा सुकतो, रोज हाताने उलटावा लागतो. जूनचा माका जुलैत दळायला घातलात तर गिरणीच्या दगडात चिखल निघेल. तुम्ही शेत पाहिलं नाही. वाळवणही पाहिलं नाही.”

त्याचे कान लाल झाले. “कागद संस्था पाठवते. मी कागदावर विश्वास ठेवतो.”

“आणि डबे? शक्तिवर्धक क्षारांचे?”

“कसले डबे? मी बंद बाटल्या घेतो, पैसे देतो. डोन्या लेओनोरना विचारा.”

मास्तरांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं: वाळताना कुणी पाहिलाच नव्हता. पण तिसऱ्यावर दोघेही दुसऱ्याकडेच बोट दाखवत होते. डबा इंजिनिअरचा असेल, तर तो मुरलेला खोटारडा. नसेल, तर नुसता आळशी. चेहऱ्यावरून दोन्ही दिसत होतं.

“मी जिभेखाली गोळी ठेवते, छातीसाठी,” ती म्हणाली. “तुमच्या कॅप्सूल मला चालतील?”

“खुशाल घ्या.” त्याने पिशवीतून सीलबंद बाटली काढून तिच्यापुढे ठेवली. “ही माझ्याकडून भेट. नैसर्गिक आहे, डोन्या. नैसर्गिक गोष्टीने कुणाचं वाईट झालंय?”

“खालच्या दरीत धोत्रा फुलतो तोही नैसर्गिकच.”

ती उठली. बाटलीवरून नेलिदा तिच्याकडे पाहून हसत होती. युफ्रासियाच्या मनात आलं, या बाईला हसायला कुणी सांगितलं नव्हतं. ती मास्तरांना पाहून हसली होती, आणि त्या हसण्याचे एकोणनव्वद सोल झाले.

५

रविवारी प्रार्थनेनंतर ती लेओनोरच्या दुकानात शिरली. तीस वर्षांपूर्वी लेओनोरने तिच्या मुलीला बाप्तिस्म्यासाठी मांडीवर धरलं होतं. तेव्हापासून दोघी एकमेकींना ‘कोमाद्रे’ म्हणत, आणि हे बहिणीपेक्षा वरचं नातं. बहीण जन्माने मिळते, कोमाद्रे निवडावी लागते.

बाकावर नेलिदा बसली होती, पायाशी मुलाच्या कपड्यांचं गाठोडं. मुलगा मागच्या अंगणात कोंबड्यांमागे धावत होता.

“ये कोमाद्रे,” लेओनोर म्हणाली. “चहा टाकू? चेहरा बघ कसा झालाय. तू झोपत नाहीस.”

“जिभेखालच्या गोळ्या दे. एक पट्टी.”

“कुणासाठी?”

“मला. छातीत कळ येते. महिना झाला.”

“आणि मला आज सांगतेस?” लेओनोरचा आवाज खरोखर दुखावलेला होता. तिने फळीवरून पट्टी काढली, कागदी पिशवीत घातली. “चढ चढू नकोस. आणि राग कमी कर. तुझा राग तुला खाईल.”

युफ्रासियाने पट्टीतली एक गोळी काढून काउंटरवर ठेवली. मग खिशातून इंजिनिअरची बाटली काढली, सील तोडलं आणि चार कॅप्सूल तळहातावर ओतल्या.

“अशक्तपणाही फार आहे. इंजिनिअरने दिल्यात.” आणि तिने हात तोंडाकडे नेला.

लेओनोरने काउंटरवरून झेप घेऊन तिचं मनगट धरलं. कॅप्सूल लादीवर विखुरल्या.

“त्या नको.”

“का? गाव म्हणतं तसं फवारणीचं विष आहे?”

“विष कसलं? पण या गोळीवर त्या नको, कोमाद्रे. तुझा रक्तदाब जाईल. इथेच पडशील.”

लेओनोरने मनगट सोडलं नव्हतं. सोडायला हवं होतं, हे तिला हळूहळू कळलं.

युफ्रासिया शांतपणे बोलली. ती शांत बोलली की आरोग्यकेंद्रातले डॉक्टरसुद्धा उभे राहत.

“तीस वर्षं मी या गावातल्या म्हाताऱ्यांना सकाळी माक्याची पेज आणि त्यावर हीच गोळी दिली. एक मेला नाही. माक्याचं आणि या गोळीचं भांडण नाही. तिबुर्सियोला विचारलं, तो म्हणाला घे. इंजिनिअरला विचारलं, तोही म्हणाला घे, वर बाटली दिली. चोर आहे, पण त्याला ठाऊक नाही. तपासणीचा कागद सार्जंटने मला सोडून कुणाला दाखवला नाही. ‘या गोळीवर नको’ असं कोण म्हणेल, लेओनोर? आत काय आहे ते ठाऊक असेल तोच. आणि निळ्या गोळ्या कुटून भुकटी करायला त्या हाताशी लागतात. तुझ्या मागच्या फळीवर आहेत.”

लेओनोर खाली बसली.

“दोन वर्षं पीक नव्हतं,” ती म्हणाली. “मागणी गेली असती तर सत्तर घरं बसली असती. मका मिसळला. मग लोक म्हणायला लागले, गुण नाही. माल परत यायला लागला. थोडी भुकटी घातली, चमचाभर. मग पत्रं आली, कोमाद्रे. आभाराची पत्रं. मी ठेवलीत सगळी.”

“पत्र न आलेल्यांचं काय?”

लेओनोरने काउंटरवरची गोळी उचलून पिशवीत टाकली.

“त्या बुधवारी मास्तर इथे आले होते,” युफ्रासिया म्हणाली.

“आले होते.”

“बाटली दाखवली?”

“दाखवली. तिबुर्सियोसमोर चार खाल्ल्या म्हणाले. आता संस्थेच्या सभेत उभा राहतो, म्हणाले.”

“आणि मग त्यांनी गोळ्या मागितल्या.”

“महिन्याला घेतातच ते. मला वाटलं, आज लागणार नाहीत. उद्या लागतील. उद्यापर्यंत उतरेल सगळं.”

“चढ चढून घरी जायचे होते ते. रागाने पेटलेले. एकाहत्तर वर्षांचे. आणि तुला वाटलं, लागणार नाहीत.” युफ्रासियाचा हात काउंटरवर आपटला तेव्हा तिलाच दचकायला झालं. “मला झेप घेऊन थांबवलंस. त्यांना एक शब्द का नाही सांगितलास?”

लेओनोरने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तेही खोटं नव्हतं. युफ्रासियाला सगळ्यात जास्त संताप त्याचाच आला.

“ते विचारायला आले नव्हते, कोमाद्रे. भांडायला आले होते.”

युफ्रासियाने मास्तरांची वही उघडली. काउंटरवरचा पेन उचलून चौथ्या प्रश्नाखाली लिहिलं: काहीच नाही.

बाकावरून नेलिदा उठली. तिने गाठोडं उचललं, अंगणातून मुलाला हाक मारली, त्याचा हात धरला.

“माद्रिना,” ती म्हणाली, “सही तुम्ही मागितली होती. हे मी आता सार्जंटला सांगते.”

ती परवानगी मागत नव्हती. लेओनोरला ते कळलं. तिने मान हलवली, जशी एखाद्या थोरल्या बाईने आशीर्वाद देताना हलवावी, आणि मग काय केलं ते उमजून चेहरा ओंजळीत घातला.

युफ्रासिया दारापर्यंत गेली तेव्हा मागून आवाज आला.

“कोमाद्रे. छातीचं खरं आहे का?”

“आजपर्यंत नव्हतं,” युफ्रासिया म्हणाली.

चौकीकडे जाताना नेलिदाने बाटली युफ्रासियाच्या हातातून घेतली आणि नखाने स्वतःचा फोटो खरवडायला लागली. वाटेत तीन बाया भेटल्या, शेण फेकणाऱ्यांपैकी एक त्यांत असावी, कारण ती रस्ता सोडून उभी राहिली. नेलिदाने तिच्याकडे पाहिलंही नाही. सोमवारच्या गाडीत लेओनोरशेजारी एक जागा रिकामी राहणार होती, आणि ती इंजिनिअरला द्यावी असं सार्जंटला पटवायला युफ्रासियाकडे अजून अख्खी दुपार होती.

वळणापर्यंत शाल निघाली, कपाळ निघालं, हसू निघालं. हिरवं पान मात्र पक्कं चिकटलं होतं. नेलिदाने थांबून दगड उचलला.